माणसे आणि वस्तू

अमेरिकेतला काळा माणूस आपल्या चळवळीला ठाऊक आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले ते त्याच्या संघटनेवरून. त्याची कविता आणि आत्मचरित्रे आपण वाचली, त्यांवर चर्चासत्रे घेतली, आपल्या साहित्याशी त्यांची तुलना केली. ब्राझीलमधला काळा माणूस मात्र आपल्या नजरेतून निसटला. वास्तविक आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांपैकी उत्तर अमेरिकेच्या भूमीवर उतरवली गेली ती सुमारे ४ लाख, तर ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली ती सुमारे ४८ लाख. अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वांत शेवटी रद्द झाली तीही ब्राझीलमध्येच, १३ मे १८८८ रोजी. रद्द झाली म्हणजे बेड्या तुटल्या. जमीन मिळाली नाही, शाळा मिळाली नाही. सुटलेली माणसे शहराकडे आली आणि शहराने जी जागा टाकून दिली होती तिथे, म्हणजे डोंगरउतारावर आणि दलदलीत, राहू लागली. अशा वस्तीला तिकडे ‘फावेला’ म्हणतात. रिओ द जानेरो शहरात अशा शेकडो वस्त्या आहेत.

ह्या वस्त्यांतल्या एका प्रयोगाविषयी मला लिहायचे आहे. प्रयोग स्त्रीपुरुषसमतेचा आणि लैंगिक आरोग्याचा आहे. मी पेशाने शिक्षक. निवृत्त झाल्यापासून आमच्या उपनगरातल्या वस्तीत, विहारात, दर रविवारी तरुणांचा अभ्यासवर्ग घेतो. चळवळीच्या बैठकीत हा विषय काढला की कुणीतरी म्हणतो, “सर, आधी जात, मग हे.” आणि आरोग्याच्या कार्यक्रमासाठी बाहेरून आलेल्या माणसापुढे काढला की तो म्हणतो, “तुमच्या लोकांत अज्ञान फार आहे, त्यांना माहिती द्या.” पहिला माणूस प्रश्न पुढे ढकलतो. दुसरा तो आपल्या लोकांच्या अडाणीपणावर ढकलतो. दोघेही प्रश्नाला हात घालत नाहीत. रिओच्या वस्त्यांनी तो घातला, म्हणून ही हकीकत आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे.

रिओच्या उत्तर भागात मारे नावाचा वस्त्यांचा मोठा पट्टा आहे. मारे म्हणजे भरती-ओहोटी. खाडीच्या चिखलात खांब रोवून, त्यांवर फळ्या टाकून लोकांनी इथे घरे बांधली होती, म्हणून हे नाव. आज तिथे लाखाहून अधिक माणसे राहतात. शहराच्या पश्चिम टोकाला बांगू आहे. तो एके काळी कापडगिरणीचा भाग होता. गिरणगावातल्या वाचकाला त्याचे चित्र निराळे काढून दाखवायला नको. ह्या वस्त्यांतल्या तरुणाला दोन सत्तांच्या कैचीत जगावे लागते. एकीकडे अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्या टोळ्या, दुसरीकडे पोलीस. दोघांच्याही हातात बंदूक. मारेत वाढलेली, पुढे रिओची नगरसेविका झालेली मारिएल फ्रांको ही काळी कार्यकर्ती पोलिसी हिंसेविरुद्ध बोलत होती. १४ मार्च २०१८ रोजी तिला गोळ्या घालून मारण्यात आले. त्या खुनाबद्दल २०२४ साली ज्या दोघांना शिक्षा झाली ते दोघेही माजी पोलीस होते. बाहेर असे जगणारा तरुण घरात आणि प्रेयसीपाशी काय करतो, हा आपला विषय आहे.

१९९७ साली रिओमध्ये प्रोमुंडो नावाची संस्था सुरू झाली. तिचा संस्थापक गॅरी बार्कर हा अमेरिकन अभ्यासक. फावेलातला तरुण हिंसक का होतो, हा प्रश्न तोवर अनेकांनी विचारला होता. बार्करने प्रश्न उलटा केला. त्याच वस्तीत, त्याच गरिबीत, त्याच बंदुकांमध्ये वाढलेले काही तरुण बायकांवर हात उचलत नाहीत, ते का? त्यांच्याशी बोलल्यावर काही गोष्टी पुढे आल्या. अशा मुलाच्या आयुष्यात बहुधा निराळ्या रीतीने वागणारा एखादा पुरुष असतो. मग तो आजोबा असेल, मामा असेल, शिक्षक असेल. मर्दपणाची किंमत आपल्या घरातल्या माणसांनी कशी मोजली हे त्याने पाहिलेले असते आणि त्यावर विचार केलेला असतो. आणि त्याला साथ देणारे चार मित्र असतात. म्हणजे समतेचे बी वस्तीत आधीपासून होते, ते बाहेरून आणावे लागले नाही. मला ह्या शोधाचे फार मोल वाटते. आपल्या वस्तीकडे केवळ दोषांचे कोठार म्हणून पाहण्याची जी सवय बाहेरच्यांना आणि कधी कधी आपल्यालाही लागली आहे, तिला हे उत्तर आहे.

ह्या पायावर रिओची प्रोमुंडो, साओ पाउलोची इकोस, रेसिफेची पापाय आणि मेक्सिकोतली सालुद इ जेनेरो ह्या संस्थांनी मिळून तरुण पुरुषांसाठी एक कार्यक्रम तयार केला. पोर्तुगीज भाषेत पुरुषासाठी जो शब्द आहे त्याचे आद्याक्षर ‘एच’, म्हणून कार्यक्रमाचे नाव ‘एच’. बैठकांच्या पद्धतीमागे पाउलो फ्रेइरे ह्या ब्राझीलच्याच शिक्षणतज्ज्ञाचा विचार आहे. फ्रेइरेने १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना अक्षरओळख करून दिली ती त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांतून. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता बळकावली, त्याला तुरुंगात टाकले आणि त्यानंतर त्याला देश सोडावा लागला. शिकवणारा बोलतो आणि शिकणारा भरला जातो, ही रीत फ्रेइरेने नाकारली. ‘एच’च्या बैठकीतही भाषण नसते. वस्तीतले दहापंधरा तरुण आठवड्यातून एकदा गोल करून बसतात, आणि असे काही महिने चालते. बैठक पुरुष कार्यकर्ताच घेतो. कारण ह्या मुलांनी बाईविषयी असे बोलणारा पुरुष क्वचितच पाहिलेला असतो.

एका बैठकीत चित्रपट दाखवतात. रेखाचित्रांचा, छोटा, आणि त्यात एकही शब्द नाही. एक मुलगा जन्मतो, वाढतो. त्याच्या मागे सतत एक पेन्सिल असते. मुलगा बाहुलीशी खेळू लागला की पेन्सिल उलटी होऊन बाहुली खोडते. तो पुरुषाला न शोभणारे काही करू लागला की पेन्सिल पुन्हा खोडरबर घेऊन येते. पेन्सिल म्हणजे समाज. मुलगा मोठा होतो, मित्रांच्या दबावाने वागतो, गुप्तरोग पदरी घेतो, मैत्रिणीला दिवस जातात, आणि बाप होण्याचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शब्द नसल्यामुळे पाहणारी मुले आपले शब्द त्यात घालतात. तुझ्या मागे पेन्सिल घेऊन कोण होते, एवढे विचारले की पुरते.

दुसऱ्या एका बैठकीत खेळ असतो. त्याचे नाव ‘माणसे आणि वस्तू’. जमलेल्यांचे गट करतात. एक गट माणसांचा, एक वस्तूंचा, उरलेले नुसते पाहणारे. वस्तूला विचार नाही, भावना नाही, निर्णय नाही, आणि तिने आपणहून बोलायचेही नाही. माणूस सांगेल ते करायचे. ऊठ म्हटले की उठायचे, कोपऱ्यात उभी राहा म्हटले की उभे राहायचे. थोड्या वेळाने खेळ थांबतो आणि चर्चा सुरू होते. वस्तू झालात तेव्हा काय वाटले? माणूस झालात तेव्हा काय वाटले? मग पहिला खरा प्रश्न येतो: तुमच्या रोजच्या जगण्यात तुम्हाला वस्तूसारखे कोण वागवते? फावेलातल्या काळ्या मुलापाशी ह्याचे उत्तर तयार असते, ते त्याला शोधावे लागत नाही. आणि मग दुसरा प्रश्न येतो: तुम्ही कुणाला वस्तूसारखे वागवता?

ह्या दोन प्रश्नांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरून सुधारणा घेऊन येणारा माणूस नेहमी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुम्ही दारू पिता, तुम्ही बायकोला मारता, तुम्ही निरोध वापरत नाही. गरीब पुरुष मान खाली घालून ऐकतो आणि उठून जातो, कारण त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा त्या बोलण्यात उल्लेखच नसतो. उलट आपली चळवळ पहिल्या प्रश्नावर पोटतिडकीने बोलते आणि तिथेच थांबते. रिओच्या बैठकीत पहिला प्रश्न आधी विचारला जातो म्हणून दुसऱ्याचा अपमान वाटत नाही, आणि दुसरा विचारलाच जातो म्हणून पहिल्याची ढाल करता येत नाही.

आता आरोग्य ह्यात कुठे येते? निरोध म्हणजे काय आणि तो कशासाठी वापरतात, हे शहरातल्या बहुतेक तरुणांना ठाऊक असते. तरी तो वापरला जात नाही. कारण ऐन वेळी नकार देण्याचा अधिकार दोघांपैकी एकालाच असतो. ‘निरोध वापर’ असे म्हणणाऱ्या मुलीवर संशय घेतला जातो, ती जास्त बोलली तर मार बसतो. गर्भ राहू न देणे ही बाईची जबाबदारी आणि पुरुषाला मोह आवरत नाही, हे दोन समज जोवर पक्के आहेत तोवर भिंतीवर कितीही तक्ते लावले तरी रोग थांबत नाही. म्हणून रिओत कार्यक्रम तपासताना तरुणांना नुसती माहिती विचारली नाही. बाईला मार खाण्याची वेळ कधी येते का, पोराला आंघोळ घालणे हे आईचेच काम का, अशी विधाने त्यांच्यापुढे ठेवली आणि कितपत पटते ते नोंदवले. बांगूत बैठका झाल्या आणि जोडीला वस्तीभर प्रचारही झाला. ‘ऐन वेळ’ अशा अर्थाचे नाव देऊन तिथे निरोध बाजारात आणले. मारेत नुसत्या बैठका झाल्या. मोरो दोस माकाकोस ह्या तिसऱ्या वस्तीत तुलनेसाठी कार्यक्रम उशिरा सुरू केला. मुले १४ ते २५ वयाची होती. वर्षभराने बांगूत, नेहमीच्या जोडीदाराशी आलेल्या शेवटच्या संबंधात निरोध वापरला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेले होते. ज्यांचे बाईविषयीचे मत बदलले, त्यांच्यात गुप्तरोगाच्या लक्षणांच्या तक्रारीही कमी झाल्या. हे सारे मुलांनी स्वतः सांगितलेले आहे, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. पण मत आणि आरोग्य एकमेकांना बांधलेले आहेत, एवढे त्यातून दिसते. पुढे मुलींसाठीही असाच कार्यक्रम झाला. त्याचे नाव ‘एम’.

मात्र एवढ्यावर थांबलो तर चित्र अपुरे राहील. खेळातले दोन प्रश्न पुरुषांसाठी होते. तिसरा प्रश्न ब्राझीलच्या काळ्या स्त्रियांनी विचारला: काळ्या बाईला शासन आणि दवाखाना काय समजतात, माणूस की वस्तू? सुएली कार्नेरो आणि तिच्या मैत्रिणींनी १९८८ साली साओ पाउलोत जेलेदेस ही संघटना काढली. रिओत १९९२ साली क्रिओला निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जुरेमा वर्नेक ही फावेलातच जन्मलेली डॉक्टर. त्या काळात ब्राझीलमध्ये स्त्रियांच्या नसबंदीची लाट होती. ईशान्य भागात निवडणुकीतले उमेदवार मतांच्या बदल्यात शस्त्रक्रिया करवून देत, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी ह्याविरुद्ध आवाज उठवला. संसदेची चौकशी समिती नेमली गेली आणि १९९६ साली कुटुंबनियोजनाचा कायदा झाला. त्यातही एक मेख होती. विवाहितेला शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची संमती लागे. ही अट काढून टाकायला २०२२ साल उजाडले.

२००२ साली रिओजवळच्या बेलफोर्द रोशो गावात आलिने पिमेंटेल ही २८ वर्षांची काळी बाई सहा महिन्यांची गरोदर असताना दवाखान्यात गेली. तिला घरी पाठवण्यात आले. परत आली तेव्हा पोटातले मूल गेलेले होते. शस्त्रक्रियेला उशीर झाला, दुसऱ्या इस्पितळात हलवायला उशीर झाला, तिथे पोचल्यावर तिला खाट मिळाली नाही, आणि ती मेली. तिच्या आईने हा लढा संयुक्त राष्ट्रांच्या समितीपर्यंत नेला. २०११ साली समितीने निर्णय दिला की ह्या मृत्यूची जबाबदारी ब्राझील शासनाची आहे, आणि तिला मिळालेल्या वागणुकीत तिचे बाईपण, तिचा वंश आणि तिची गरिबी ह्या तिन्हींवरून भेदभाव झाला. बाळंतपणातल्या मृत्यूबद्दल एखाद्या देशाला असे जबाबदार धरण्याची ती पहिलीच वेळ. जात, वर्ग आणि स्त्रीत्व हे तीन निराळे प्रश्न आहेत असे मानणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी हा निर्णय मुळातून वाचावा.

शासनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८८ च्या घटनेने ब्राझीलमध्ये आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. १९९६ च्या कायद्याने एड्सवरचे औषध रुग्णाला मोफत मिळू लागले. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी गाब्रिएला लैती हिच्या पुढाकाराने १९८७ साली रिओत आपली पहिली राष्ट्रीय परिषद भरवली होती. पुढे एड्सविरोधी कामात ह्या स्त्रियांच्या संघटना शासनाच्या सहकारी झाल्या. २००५ साली अमेरिकेने मदतीला अट घातली की ह्या व्यवसायाचा जाहीर निषेध करा. ब्राझीलने सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. ज्या बायकांना बरोबर घेऊन काम चालले आहे, त्यांचाच निषेध करून काम होणार नाही, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडच्या देवदासी आणि मुरळ्यांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना ह्या नकाराचा अर्थ वेगळा सांगायला नको. मुलांच्या बैठका उपयोगी पडल्या त्याला ही पार्श्वभूमी होती. मन बदललेल्या मुलाला निरोध आणि दवाखाना जवळ मिळत होता.

रिओची ही हकीकत मला कळली ती मुंबईतच. १९८९ साली साक्षरतेच्या कामातून सुरू झालेली कोरो ही संस्था मुंबईच्या वस्त्यांत काम करते. तिने प्रोमुंडो आणि पॉप्युलेशन कौन्सिल ह्यांच्याबरोबर रिओचा कार्यक्रम इथल्या तरुणांसाठी नव्याने रचला आणि त्याला ‘यारी दोस्ती’ असे नाव दिले. वस्तीतलेच तरुण बैठका घेत. आपल्याकडे हा विषय तसा परका नव्हता. ‘समाजस्वास्थ्य’वरील अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली र. धों. कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम ह्यांनी संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागेही बाबासाहेब होते. ठराव फेटाळला गेला. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण किती भाषणे ऐकली, आणि त्यांत ह्या ठरावाचा उल्लेख किती वेळा झाला, ते वाचकांनीच आठवावे.

मागच्या वर्षी मी ‘माणसे आणि वस्तू’ हा खेळ आमच्या रविवारच्या वर्गात घेतला. बारा मुले होती. पहिल्या प्रश्नाला उत्तरांची रीघ लागली. मुकादम, घरमालक, पोलीस, शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचा कारकून. फळा भरला. दुसऱ्या प्रश्नाला कुणी बोलेना. शेवटी मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, “सर, तीन वर्षांत बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. पाहिजे का नको, मी तिला एकदाही विचारलं नाही.” कुणी हसले नाही. त्या दिवशी वर्ग तासभर लांबला.

घरी येऊन मी हे सारे मंडळींना सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “त्या खेळात तुम्ही कुठं उभे होता?” मी म्हणालो, “मी खेळ घेत होतो.” त्या म्हणाल्या, “ते ठीक. पण ८४ साली माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा तुमचं आणि आत्याबाईंचं बोलणं मी आतून ऐकत होते. मला कुणी विचारलं नाही. तुमचं करून घ्यावं, असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. तेव्हापासून ही कंबर धरलीय ती धरलीय.” त्या काळात मी सभांतून माणुसकीवर बोलत होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९–२१) आकडे मी पुढे पाहिले. देशात कुटुंबनियोजनासाठी स्त्रीनसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषनसबंदीचे ०.३ टक्के. स्त्रीची शस्त्रक्रिया मोठी, पुरुषाची लहान, हे माहीत असूनही असे आहे. ह्या ३७.९ मध्ये किती जणींना विचारले गेले, ह्याची नोंद त्यांच्या घरांतच सापडेल.

पुढच्या रविवारी मी ही गोष्ट वर्गात सांगितली. मला ते जड गेले. पण बैठक घेणाऱ्याने आपले उत्तर आधी दिले नाही तर ती बैठक पुन्हा भाषण होते, हे मला पटले आहे. कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे: आपापल्या वस्तीत दहा मुले जमवा, दोन्ही प्रश्न त्याच क्रमाने विचारा, आणि दुसऱ्याचे उत्तर स्वतःपासून सुरू करा. बायकांची बैठक वेगळी घ्या, त्यांच्यातल्याच कुणी ती चालवू द्या, आणि त्यांची तयारी झाली की दोन्ही बैठका एकत्र बसवा. आमच्या विहारात बायकांची बैठक आता बुधवारी भरते. ती आमच्या मंडळी आणि शेजारच्या दोघी चालवतात. तिथे काय बोलणे होते, ते मी अजून विचारलेले नाही. त्या सांगतील तेव्हा ऐकायचे, असे ठरवले आहे.